नाणी मिळाली, पण गाडगे कुठे गेले?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन रोमन सम्राटांच्या नाण्यांच्या संग्रहाविषयी लेख प्रसिद्ध झाला, याचा मनापासून आनंद झाला. मराठी दैनिकांत नाण्यांविषयी जे लिहून येते ते बहुधा शिवराई आणि होन यांच्यापाशी, फार तर सातवाहनांपाशी येऊन थांबते. मात्र लेख वाचून झाल्यावर सर्वसाधारण वाचकाच्या मनात एकच गोष्ट उरेल, अशी मला धास्ती वाटली, आणि ती म्हणजे किंमत. कोणते नाणे कोणत्या लिलावात किती लाखांना गेले आणि आजोबांच्या पेटीत तसले एखादे निघाले तर नशीब कसे फळफळेल, याचेच वर्णन लेखात अधिक होते. मी बावीस वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहतो आणि त्यांतली अठरा वर्षे रोमन नाणी जमवतो आहे. संग्रहात आज एकशेचाळीसच्या आसपास नाणी आहेत, आणि त्यांत सोन्याचे एकही नाही. किमतीच्या नादात या छंदातली मुख्य गोष्ट, म्हणजे नाणे कुठे आणि कशासोबत सापडले याची नोंद, बाजूलाच राहते, असे मला अनुभवाने वाटते. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी किमतीचाच गैरसमज दूर करतो. जुने म्हणजे महाग हे समीकरण रोमन नाण्यांना लागू पडत नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या आणि चौथ्या शतकांत साम्राज्याच्या अनेक टांकसाळींतून तांब्या-ब्राँझची नाणी इतक्या प्रचंड संख्येने पाडली गेली, की सतराशे वर्षांनंतरही ती शेतांतून निघतच आहेत. इथल्या नाणे-बाजारांत कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचे वाचण्याजोगे ब्राँझचे नाणे पाच-दहा पौंडांत, म्हणजे दोघांच्या चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळते. लाखोंना जातात ती सोन्याची, दुर्मीळ किंवा अपवादात्मक सुस्थितीतली नाणी, आणि त्यांचा संग्राहकांच्या रोजच्या व्यवहाराशी फारसा संबंध नसतो.

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर असेच एक नाणे ठेवले आहे. आपल्या जुन्या पन्नास पैशांच्या नाण्याहूनही ते लहान भरेल, आणि वजन अडीच ग्रॅमच्या आत आहे. दर्शनी बाजूला मोत्यांचा पट्टा बांधलेला कॉन्स्टंटाइन. मागील बाजूला शिरस्त्राण घातलेले, भाला आणि ढाल घेतलेले दोन सैनिक समोरासमोर उभे आहेत; त्यांच्यामध्ये दोन लष्करी निशाणे आहेत आणि कडेने ‘ग्लोरिया एक्झर्सिटुस’, म्हणजे ‘सैन्याची कीर्ती’, हे शब्द आहेत. सैनिकांच्या पायाखालच्या रेघेखाली भिंगातून पाहिले तर एस, एम, टी, एस आणि शेवटी ग्रीक डेल्टा अशी पाच अक्षरे लागतात. पहिल्या दोन अक्षरांनी ‘साक्रा मोनेता’, म्हणजे सम्राटाची टांकसाळ, सांगितली आहे. पुढची दोन थेस्सलोनिकी या शहराची, आणि डेल्टा म्हणजे त्या टांकसाळीतला चौथा कारखाना. नाणे कमी वजनाचे निघाले तर कोणाला जाब विचारायचा, हे अधिकाऱ्यांना त्या एका अक्षरावरून कळत असे. सैनिकांमध्ये दोन निशाणे असल्यामुळे हे नाणे साधारण ३३० ते ३३५ या काळातले ठरते, कारण त्यानंतर नाण्याचा आकार आणि वजन घटवण्यात आले आणि चित्रातली दोन निशाणे जाऊन तिथे एकच उरले. महागाईचे इतके सोपे चित्र मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात पाहिलेले नाही.

चांदीच्या नाण्यांवर तर सम्राटाची पदवीमालिकाच कोरलेली असते. माझ्याकडे ट्राजनचा एक झिजलेला डिनेरियस आहे. त्याच्या डोक्याभोवतीची संक्षिप्त अक्षरे सोडवली की जर्मन आणि डेशियन लोकांवर विजय मिळवणारा, प्रमुख धर्माधिकारी, अशा उपाध्या मिळतात, आणि मागील बाजूला ‘पाचव्यांदा कॉन्सुल’ (रोममधले सर्वोच्च वार्षिक पद) असे सापडते. तो पाचव्यांदा कॉन्सुल झाला १०३ साली आणि सहाव्यांदा ११२ साली. म्हणजे नाणे त्या दोहोंच्या मधले. आपल्याकडच्या अनेक प्राचीन नाण्यांचा काळ ठरवताना अभ्यासकांना जी कसरत करावी लागते, ती इथे अर्ध्या तासाच्या वाचनात भागते. १९२३ पासून खंडाखंडाने निघालेली या नाण्यांची बृहत्सूची चाळली, किंवा अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने तिच्या आधारे संगणकावर सर्वांना विनामूल्य खुली केलेली सूची पाहिली, की नेमका प्रकारही हाती लागतो. या सोयीमुळेच नवशिक्यांना हा छंद लवकर लागतो, हे मी नाकारणार नाही.

परंतु नाणे स्वतःविषयी जे सांगते ते एवढेच: कोणी पाडले, कुठे पाडले, केव्हा पाडले. ते पुढे कुठे गेले, कोणाच्या हाती पडले, कोणी आणि का पुरले, हे नाण्यावर कुठेच लिहिलेले नसते. ते जमिनीकडून कळते, आणि खोदणाऱ्याने घाई केली की कायमचे पुसले जाते.

भारतापुरता विचार केला तरी हे पटेल. भारताशी होणाऱ्या व्यापारात साम्राज्याचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस (एक रोमन नाणे) जातात, अशी तक्रार थोरला प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात करून ठेवली आहे. तक्रार रोममध्ये बसून केलेली आहे. तिचा पडताळा दक्षिण भारतातल्या शेतांत मिळाला. तेलंगणातल्या अक्कनपल्ली येथे दीड हजारांहून अधिक डिनेरियस एकत्र सापडले आणि अशा निधींत, म्हणजे एकत्र पुरलेल्या साठ्यांत, ऑगस्टस व टायबेरियस या पहिल्या दोन सम्राटांचीच नाणी बहुसंख्य असतात. नीरोने ६४ साली चांदीच्या नाण्याचे वजन उतरवले. पूर्वी एका रोमन पौंडात चौऱ्याऐंशी डिनेरियस पाडत, ते आता शहाण्णव पाडू लागले, आणि चांदीत भेसळही वाढली. त्यानंतरच्या काळातली चांदीची नाणी आपल्याकडे विरळ होतात आणि सोन्याची वाढतात. आपले व्यापारी नाणे पारखून घेत होते की काय, असा प्रश्न त्यातून उभा राहतो, आणि त्यावर आजही वाद चालतो. पण वाद घालता येतो तो निधी निधी म्हणून नोंदले गेले म्हणूनच. तीच नाणी सुटी सुटी होऊन शंभर पेट्यांत गेली असती, तर हा प्रश्न विचारण्याचेही कोणाला सुचले नसते.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई येथे १८९८ साली सोन्याची ५०१ नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीने आडवा घाव घातलेला आहे. एखादे सुटे नाणे असे दिसले असते, तर कोणा खोडकराचे काम म्हणून आपण सोडून दिले असते. शेकडो नाण्यांवर तोच घाव दिसला तेव्हा कोणीतरी ती ठरवून चलनातून बाद केली असावीत, असे म्हणता आले. भारतात मिळालेल्या काही रोमन सुवर्णनाण्यांना तर सम्राटाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला शेजारी-शेजारी दोन भोके आहेत, म्हणजे ती गळ्यात घातली जात आणि चेहरा सरळ राहील याची काळजी घेतली जाई. पुढे कित्येक शतकांनी व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांना आपल्याकडे ‘पुतळी’ म्हणू लागले आणि त्यांच्या माळा झाल्या. मराठी बाईच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेचे हे फार दूरचे का होईना नाते आहे, असे मानायला मला आवडते. अभ्यासकांनी मात्र ते गंभीरपणे घेऊ नये. ‘दीनार’ या शब्दाचे नाते तर पक्के आहे. लॅटिन डिनेरियसवरून तो संस्कृतात आला, गुप्तकालीन शिलालेखांत सोन्याच्या नाण्यासाठी वापरला गेला, आणि कुवेतला नोकरीसाठी गेलेला आपला माणूस पगार मोजतो तोही त्याच शब्दात.

महाराष्ट्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवास-मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे आणि पैठण व तेर या बाजारपेठा आल्या आहेत, आणि भडोच बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी बदलून घेताना नफा होतो असेही नमूद आहे. असे असूनही पश्चिम भारतात रोमन नाणी दक्षिणेच्या मानाने फारच कमी सापडली. ती वितळवून क्षत्रपांनी, म्हणजे तिथल्या शक राज्यकर्त्यांनी, आपली चांदीची नाणी पाडली असावीत, हे त्यावरचे एक मत आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे १९०६ साली मिळालेल्या निधीत क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव आपण शिलालेखात वाचतो. तो इथे हजारो नाण्यांवर डोळ्यांना दिसतो. हा निधी सोनाराच्या मुशीत गेला असता तर चांदीचे काही किलो भरले असते, एवढेच.

आता माझ्या स्वतःच्या चुकीविषयी. छंदाच्या दुसऱ्या वर्षी मी एका विक्रेत्याकडून न धुतलेल्या शंभर रोमन नाण्यांची पिशवी विकत घेतली. अशा पिशव्या तेव्हा सर्रास मिळत, आणि आजही मिळतात. महिनाभर ती नाणी शुद्ध पाण्यात भिजत घालून, रोज पाणी बदलून, लाकडी काडीने माती सोडवण्यात मी रमून गेलो होतो. हिरव्या पुटाखालून एखादा सैनिक, एखादे अक्षर वर येताना पाहणे हा विलक्षण आनंद आहे, हे मान्य करायलाच हवे. वर वर्णन केलेले थेस्सलोनिकीचे नाणे त्याच पिशवीतले. शंभरांतली साठेक नाणी ओळखता आली आणि त्यांतली बरीचशी एकाच दशकातली निघाली. तेव्हा मी विक्रेत्याला विचारले, की ही सारी एका ठिकाणची आहेत का. त्याने खांदे उडवले आणि ‘बाल्कनमधली’ असे एका शब्दात उत्तर दिले. म्हणजे एखाद्या सैनिकाने किंवा शेतकऱ्याने अडचणीच्या वर्षी पुरून ठेवलेली पुंजी माझ्या हातात होती, की दहा गावांतल्या शेतांतून रात्री यंत्र फिरवून गोळा केलेला माल, हे मला कधीच कळणार नाही. आणि चोरटी खोदाई चालते ती माझ्यासारखे गिऱ्हाईक मिळते म्हणून, हेही त्याच दिवशी लक्षात आले. त्यानंतर मी अशी पिशवी घेतलेली नाही.

हा दोष गरीब छंदिष्टांपुरता आहे असेही नाही. ज्युलियस सीझरच्या हत्येनंतर ब्रूटसने पाडलेले, दोन खंजीर आणि त्यांच्यामध्ये मुक्त गुलामाची टोपी असलेले सोन्याचे नाणे २०२० साली लंडनच्या लिलावात बत्तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. (ते सम्राटांच्या आधीचे असल्यामुळे काटेकोरपणे पाहता माझ्या विषयाबाहेरचे आहे.) नाण्यांच्या जगात त्याचा बराच गाजावाजा झाला. पुढे त्याच्या पूर्वीच्या मालकीचे कागद खोटे असल्याचे उघड झाले, अमेरिकेतल्या तपासयंत्रणेने ते जप्त केले आणि २०२३ साली ग्रीसला परत दिले. लिलावाच्या किमतीच्या बातम्या देणाऱ्या किती वर्तमानपत्रांनी ही दुसरी बातमी तेवढ्याच ठळकपणे दिली, हे पाहण्यासारखे आहे.

याउलट चांगले उदाहरण इंग्लंडच्याच नैऋत्येकडचे आहे. सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोम गावाजवळ एप्रिल २०१० मध्ये धातुशोधक यंत्र घेऊन शेतात फिरणाऱ्या एका छंदिष्टाला मातीच्या मोठ्या भांड्याचे तोंड आणि काही नाणी लागली. त्याने तिथेच हात थांबवला आणि पुरातत्त्व विभागाला कळवले. तज्ज्ञांनी तीन दिवस खपून ते भांडे थराथराने रिकामे केले आणि प्रत्येक थरातली नाणी वेगळी बांधली. एकूण ५२,५०३ नाणी निघाली, वजन सुमारे एकशेसाठ किलो. थर वेगळे ठेवल्यामुळे एक नवल कळले: भांड्यातली सर्वांत अलीकडची नाणी, म्हणजे ब्रिटनमध्ये बंड करून स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या कॅरॉसियसची, वर नव्हती, त्यांतली बहुतेक भांड्याच्या निम्म्याहून खाली होती. म्हणजे हा वर्षानुवर्षे साठवत गेलेला गल्ला नव्हता. सगळी नाणी एकाच वेळी ओतलेली होती. शिवाय भांडे इतके पातळ होते, की भरल्यावर ते उचलणेच शक्य नव्हते. म्हणून ते आधी पुरून मग भरले गेले आणि ते बहुधा देवतेला वाहिलेले दान असावे, असा तर्क तज्ज्ञांनी मांडला. त्या माणसाने उत्साहाच्या भरात दोन्ही हातांनी नाणी उपसली असती, तर आज संग्रहालयात बावन्न हजार नाणी असती आणि हा तर्क नसता.

त्याने हात थांबवला यामागे त्याचा भलेपणा आहेच, पण कायद्याचीही साथ आहे. इथल्या १९९६च्या निधिविषयक कायद्यानुसार, तीनशे वर्षांपूर्वीची सोन्याची किंवा चांदीची दोन, अथवा इतर धातूंची दहा नाणी एकत्र मिळाली, तर चौदा दिवसांत कळवावे लागते. संग्रहालयाने ती ठेवून घ्यायची ठरवली तर स्वतंत्र समिती बाजारभावाने मूल्य ठरवते, आणि ती रक्कम सामान्यतः शोधणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात वाटली जाते. फ्रोमच्या निधीसाठी सुमारे तीन लाख वीस हजार पौंड मोजले गेले. कायद्याच्या कक्षेत न येणारी सुटी नाणीदेखील लोक आपणहून परगण्यातल्या अधिकाऱ्याला दाखवतात. त्याने जागा, वजन आणि छायाचित्र नोंदवून ती परत द्यायची, अशी योजना १९९७ पासून सुरू आहे आणि तिच्यातल्या नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या आहेत. या व्यवस्थेवर इथल्या पुरातत्त्वज्ञांचेही आक्षेप आहेत, यंत्रे घेऊन हिंडणाऱ्यांची संख्या वाढली हा त्यांतला मुख्य. तरीही नाणे आणि त्याची जागा यांची फारकत होऊ न देण्याचा हेतू तिने बऱ्याच अंशी साधला आहे.

आपल्याकडे आजही १८७८चा भारतीय निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेले धन) कायदा आधाराला आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, न कळवल्यास हिस्सा जप्त आणि तुरुंगवासही, हे त्यात आहे, आणि ते रास्त आहे. पण मूळ कायद्याच्या सोळाव्या कलमात, सरकारने निधी स्वतःकडे घेतल्यास धातूची किंमत आणि तिच्यावर एक-पंचमांश एवढी रक्कम देण्याची तरतूद आहे. शेतकऱ्याच्या नांगराला तांब्याची किंवा हलक्या चांदीची पाचशे नाणी लागली, तर या हिशेबाने त्याच्या पदरात काय पडणार? चौकशीचा ससेमिरा आणि मोडीच्या भावावर वीस टक्के. मग तो नाणी सोनाराकडे नेतो किंवा रात्री येणाऱ्या दलालाला देतो, यात नवल नाही, आणि नाणी कुठे मिळाली हे तो मरेपर्यंत कोणाला सांगत नाही. बाजारभावाने मोबदला आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला संरक्षण, एवढे दोन बदल कायद्यात झाले तरी पुष्कळ फरक पडेल, असे माझे मत आहे. त्यासाठी खर्च येईल हे खरे. पण तो धातूच्या भावाने करायचा की इतिहासाच्या, हे आधी ठरवावे लागेल.

महाराष्ट्रातल्या ज्या वाचकांना आपला लेख वाचून रोमन नाणी जमवण्याची इच्छा झाली असेल, त्यांना परावृत्त करण्याचा माझा हेतू नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही, एवढे ध्यानात ठेवून परवानाधारकाकडूनच, पावती घेऊन खरेदी करावी. नाणे पूर्वी कोणाच्या संग्रहात होते आणि त्याआधी कुठे मिळाले, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर नाणे कितीही देखणे असले तरी ठेवून द्यावे. नकलांचाही सुळसुळाट आहे. रोमन नाणे तापवलेल्या चकतीवर हातोड्याने ठसा मारून पाडलेले असे, त्यामुळे कडेला बारीक सांधा किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसले तर ते ओतीव आहे, असा संशय घ्यावा. मी स्वतः टायबेरियसचा एक डिनेरियस असा फसून घेतला आहे आणि तो आठवण म्हणून मेजाच्या खणात ठेवला आहे. आणि घेतलेल्या प्रत्येक नाण्याबरोबर त्याची चिठ्ठी ठेवावी, आधीच्या मालकाची असेल तर तीही फेकू नये. माझ्याकडच्या ट्राजनच्या नाण्यासोबत फिकट शाईतला एक चिठोरा आला आहे. त्यावर एका इंग्रजी खेड्याचे नाव आणि शेताची खूण एवढेच लिहिले आहे. ते नाणे मी त्या चिठोऱ्यासाठी घेतले.

शेवटी आपल्या वार्ताहरांना एक विनंती. घराचा पाया खणताना किंवा नांगरताना जुनी नाणी सापडल्याची बातमी वर्षातून एक-दोनदा तरी येते, आणि तिच्यात नाण्यांची संख्या, वजन आणि ‘आंतरराष्ट्रीय बाजारातील’ अंदाजे किंमत हमखास असते. यापुढे अशी बातमी आली, तर नाणी ज्यात होती ते गाडगे किंवा तांब्या आता कुठे आहे, आणि ते रिकामे करताना तिथे कोण हजर होते, हे दोन प्रश्न तहसीलदार कार्यालयात जरूर विचारावेत आणि मिळेल ते उत्तर छापावे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
लेस्टर, इंग्लंड